इकोमध्ये उजवा कप्पा मोठा आलाय, पण ई.एफ. ६०% आहे. काळजी करायची का?

निशा_ठाणे :
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता तुम्हालाच विचारायची वेळ आलीये. माझा धाकटा भाऊ, वय ३१, आयटीत आहे, धावण्याचं प्रचंड वेड, हाफ मॅरेथॉन दरवर्षी ठरलेली आणि आता फुलची तयारी चालू. मागच्या महिन्यात येऊरच्या चढावर धावताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आडवा झाला. सोबतच्यांनी पाणी मारलं, थोड्या वेळात उठून बसला, चालत खाली आला आणि घरी कोणाला काही सांगितलंच नाही, आम्हाला त्याच्या मित्राच्या बायकोकडून कळलं.
फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला तर टी वेव्ह उलट्या, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. त्यात ई.एफ. (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तो आकडा) ६०%, सगळं नॉर्मल, फक्त एका ओळीत "आर.व्ही. डायलेटेड", म्हणजे हृदयाचा खालचा उजवा कप्पा मोठा. एका ठिकाणी म्हणाले ई.एफ. मस्त आहे, धावणाऱ्यांचं हृदय मोठंच असतं, जा घरी. दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टनी मात्र ईसीजी हातात घेतल्या घेतल्या विचारलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? आता आमचे एक काका लग्नाआधी गावच्या विहिरीत पोहताना गेले. घरात सगळे "बुडाला" असंच म्हणतात, पण पट्टीचे पोहणारे होते. हे ऐकल्यावर डॉक्टरांनी कार्डिॲक एमआरआय आणि होल्टर (चोवीस तास अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) लिहून दिलं आणि तोपर्यंत धावणं पूर्ण बंद. ए.आर.व्ही.सी. नावाचं काहीतरी म्हणाले.
भाऊ ऐकत नाहीये, त्याला पहिल्या डॉक्टरांचं पटलंय. कोणाला अनुभव आहे का? आणि आम्ही बाकीच्या भावंडांनीही तपासून घ्यायचं का?

खवचट_खंडू :
ज्या डॉक्टरचं म्हणणं सोयीचं तोच डॉक्टर खरा, हा आमच्या घराण्याचाही नियम आहे. धाग्यावर बसलोय.

सह्यभटक्या :
निशाताई, घाबरू नका. मी बरीच वर्षं धावतोय, आमच्या ग्रुपमध्ये निम्म्या लोकांच्या इकोत काही ना काही मोठं येतंच. ॲथलीट्स हार्ट म्हणतात त्याला. येऊरच्या चढावर दमटपणामुळे चक्कर कोणालाही येते. मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगा आणि उगाच एमआरआयवर पैसे घालवू नका.

इकोवाली :
सह्यभटक्या, तुम्ही धावा हो, पण रिपोर्ट वाचायचं काम आमच्यावर सोडा :)
मी इको डिपार्टमेंटमध्ये काम करते, रोज हेच बघते. एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या. ई.एफ. हा आकडा डाव्या कप्प्याचा असतो. उजव्याचा त्यात काही संबंध नाही. डावा ६०% ने उत्तम चालू असताना उजवा पार ढिला पडलेला असू शकतो आणि पेशंट रिपोर्टचा फक्त तो एक आकडा वाचून पेढे वाटतो.
उजवा कप्पा बघायलाही अवघड. डावा गोल, जाड भिंतीचा, साधारण १ सेंटीमीटर. उजवा चंद्रकोरीसारखा त्याला गुंडाळलेला, भिंत जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर, वर छातीच्या हाडाच्या अगदी मागे, त्यामुळे नीट दिसायला पेशंटला डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडायला लावून, प्रोब इकडेतिकडे सरकवत बसावं लागतं. बाहेर चाळीस माणसं बसलेली असली की कोण करणार ते? डोळ्यांनी बघून "मायल्ड" लिहून मोकळे होतात. तुमच्या रिपोर्टमध्ये टॅप्सी लिहिलंय का बघा, ट्रायकस्पिड व्हॉल्व्हची कड दर ठोक्याला किती खाली येते त्याचं माप असतं ते, १७ मिलिमीटरच्या खाली असेल तर कप्पा नीट आकुंचन पावत नाहीये. आणि बुडाशी रुंदी ४१ मिलिमीटरच्या वर असेल तर मोठा.
ॲथलीट्स हार्ट असतं, नाही कोण म्हणतंय. पण त्यात सहसा चारही कप्पे जोडीने वाढतात आणि भिंती सगळीकडे छान हलतात. एकटा उजवाच मोठा, त्यात एखादा तुकडा हलत नाही किंवा बाहेर फुगतोय, वर धावताना चक्कर आणि ईसीजीत छातीच्या पहिल्या तीन लीडमध्ये टी उलट्या... एमआरआय करा.

निशा_ठाणे :
धन्यवाद इकोवाली. टॅप्सी लिहिलेलंच नाहीये!! उलट्या टी मात्र व्ही१ ते व्ही३ मध्येच आहेत, डॉक्टरांनी गोल करून दिलेत.

गोदाकाठ :
विषय थोडा वेगळा आहे पण उजव्या कप्प्याचाच आहे म्हणून लिहिते. माझा मुलगा जन्मतः फॅलोट्स टेट्रॉलॉजीचा. म्हणजे दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या भोकावर सरकलेली आणि रक्त अरुंद वाटेतून ढकलून ढकलून उजवा कप्पा जाडजूड झालेला. तान्हा असताना रडला की ओठ जांभळे पडायचे, नखं निळी. सासूबाई म्हणायच्या थंडी वाजतेय, दुपटं घाला. एकदा रडता रडता निपचितच झाला, तेव्हा डॉक्टरांनी शिकवलं की त्याचे गुडघे पोटाशी दाबून धरायचे. चालायला लागल्यावर दोन पावलं टाकली की आपसूक उकिडवा बसायचा, कोणी शिकवलं नव्हतं. तसं बसलं की पायांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडचा दाब वाढतो आणि मग रक्त नाइलाजाने फुफ्फुसाकडे जास्त जातं.
अडीच वर्षांचा असताना ऑपरेशन झालं, भोक बुजवलं, वाट मोठी केली. "आता विसरून जा" असं आम्हाला सांगितलं गेलं आणि आम्ही विसरलो. आज तो कॉलेजात आहे, जिने चढताना धाप लागायला लागली म्हणून दाखवलं तर वाट मोठी करताना फुफ्फुसाच्या झडपेवर कात्री चाललेली, ती इतकी वर्षं गळतेय आणि दर ठोक्याला परत येणाऱ्या रक्ताने उजवा कप्पा फुगलाय. आता नवी झडप बसवायचं चाललंय. ई.एफ. त्याचाही छानच येत होता!
तेव्हा ज्यांच्या घरी लहानपणी ऑपरेशन झालेलं मूल आहे त्यांनी वर्षा-दोन वर्षांनी जन्मजात हृदयदोषांच्या डॉक्टरकडे दाखवत राहा, मूल पंचविशीचं झालं तरी.

मीनल_कोथरूड :
गोदाकाठ, वाचून काटा आला. झडप मांडीतून कॅथेटरने बसते ना आता? छाती न उघडता?

गोदाकाठ :
हो, २००० साली बॉनहॉफर नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तशी बसवली. पण सगळ्यांना जमत नाही, याची वाट आता इतकी ताणलीये की त्यात झडप टिकेल का हे सीटी बघून ठरवणार आहेत. नाहीतर परत छाती उघडणं आलं. मुलगा म्हणतो आई तू नको टेन्शन घेऊस, मलाच भूल देणार आहेत तुला नाही.

डॉक्टर_रजेवर :
इकोवालींना अनुमोदन. मी फिजिशियन आहे, रजेवर आहे म्हणून टंकतोय, नाहीतर असल्या धाग्यांवर फिरकत नाही.
ए.आर.व्ही.सी. म्हणजे काय ते साध्या भाषेत. हृदयाच्या स्नायूपेशी एकमेकींना डेस्मोसोम नावाच्या प्रथिनांच्या टाक्यांनी जोडलेल्या असतात. ह्या आजारात ते टाके जन्मतःच कच्चे. गोधडी रोज खसाखसा ओढली तर कच्चे टाके आधी जिथे कापड विरलंय तिथेच उसवणार, तसं पातळ भिंतीच्या उजव्या कप्प्यात आधी पेशी सुटतात, मरतात, आणि त्यांच्या जागी चरबी आणि व्रणाचं तंतुमय ऊतक येतं. त्या चट्ट्यांमधून वीज वाकडीतिकडी फिरायला लागली की हृदय अचानक भलत्याच वेगाने धडधडतं, व्ही.टी. होते. तरुण मुलगा मैदानावर कोसळतो तो असा. जो जितका जास्त आणि जितका जोरात पळेल त्याला हा आजार तितका लवकर गाठतो, म्हणून धावणं बंद सांगितलं. डॉक्टर भित्रे आहेत म्हणून नाही.
१९७७ मध्ये फ्रान्समध्ये फोंतेन यांनी त्याला नाव दिलं, १९८२ मध्ये मार्कस यांनी २४ मोठ्या माणसांची माहिती एकत्र छापली. म्हणजे आमच्या प्रोफेसरांच्या विद्यार्थिदशेत हा आजार पुस्तकात नव्हताच. जगात साधारण २००० ते ५००० माणसांत एकाला असावा असं धरतात.
एक सावधगिरी. आपल्याकडे सारकॉइडोसिस नावाचा आजार हुबेहूब असंच चित्र दाखवतो आणि त्याला औषध वेगळं, स्टेरॉइड. त्यामुळे एमआरआयनंतर कदाचित पेट स्कॅनही सांगतील, तेव्हा "लुटतायत" म्हणून इथे नवा धागा काढू नका.

सह्यभटक्या :
डॉक्टर, माफ करा पण ही सरसकट भीती वाटते मला. लाखो लोक धावतात. एखादा कोसळला की पेपरात येतं, बाकीचे पाच हजार धावून घरी जाऊन पोहे खातात ते येत नाही. आणि सोफ्यावर बसून मरणारे कितीतरी जास्त आहेत.

डॉक्टर_रजेवर :
सरसकट मी कुठे म्हणालो? तुम्ही धावा, पोहेही खा. ज्याला धावताना शुद्ध हरपली त्याच्याबद्दल बोलणं चाललंय. पळून झाल्यावर उभं राहिल्यावर चक्कर येणं वेगळं आणि पळता पळता आडवं होणं वेगळं. दुसरं झालं की हृदयाचा दोष नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरायचं.
स्पेनमधल्या सेव्हिया क्लबचा फुटबॉलपटू अंतोनियो पुएर्ता आठवतो? ऑगस्ट २००७, गेटाफेविरुद्धचा सामना, पेनल्टी एरियात कोसळला, उठून स्वतः चालत बाहेर गेला, ड्रेसिंग रूममध्ये परत हृदय थांबलं आणि तीन दिवसांनी गेला. २२ वर्षांचा होता. हाच आजार.

सह्यभटक्या :
हं. उठून चालत गेला होता हे माहीत नव्हतं.

मिलानची_मावशी :
इथे इटलीत याचं फार मनावर घेतात. माझा मुलगा क्लबकडून फुटबॉल खेळतो, दरवर्षी सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय क्लब मैदानात पाऊल टाकू देत नाही. ईसीजी एकदा झोपवून आणि एकदा स्टुलावर चढउतार करायला लावून. १९८२ पासून कायदाच आहे. पहिल्या वर्षी मी जाम वैतागले होते, शाळेच्या पोराला कसला ईसीजी म्हणून.
याचं कारण म्हणजे पादोवा, इथून दोनेक तासांवर. व्हेनेतो भागात तरुण माणसं अचानक गेली की तिथले पॅथॉलॉजिस्ट हृदय उघडून बघायचे, १९८८ साली त्यांनी छापलं की त्यात ह्या उजव्या कप्प्याच्या आजाराची बरीच हृदयं निघाली. मग २००६ मध्ये पादोवाच्याच लोकांनी आकडे दिले की तपासणी सुरू झाल्यावर खेळाडूंचे अचानक मृत्यू ८९ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेवाले हे मानत नाहीत म्हणे, त्यांच्या मते ईसीजीमुळे निरोगी पोरंच जास्त अडकतात. दोन्हीकडचं मला थोडं थोडं पटतं, कारण माझ्या पुतण्याला असंच संशयावरून एक सीझन बसवलं आणि शेवटी काही निघालं नाही.

खवचट_खंडू :
आपल्याकडे सोसायटीच्या क्रिकेटला तर "बॅट कोणाची" एवढीच तपासणी होते.

अर्जुनप्रेमी :
अर्जुनाच्या सालीचा काढा दुधातून रोज घ्यावा, हृदयाचे स्नायू बळकट होतात. एमआरआयने आजार कळतो, बरा होत नाही. शिवाय प्राणायाम. बघा पटलं तर.

इकोवाली :
टाके जन्मतः कच्चे आहेत असं वर लिहिलंय, ते काढ्याने शिवले जाणार नाहीत. आणि प्राणायाम करायला कोणी नको म्हणत नाहीये, एमआरआय करून आल्यावर करा.

बंडूनाना :
मी पंचाहत्तरीचा माणूस, नातवाने मराठी टायपिंग शिकवलंय, सांभाळून घ्या.
उजव्या बाजूचं माझंही झालं आहे पण प्रकार निराळा. पहाटे छातीत जड झालं, घाम फुटला. शेजारचे गृहस्थ कायम खिशात सॉर्बिट्रेट बाळगणारे, त्यांनी धावत येऊन जिभेखाली ठेवली. पाच मिनिटांत मी पांढराफटक आणि बी.पी. एवढं खाली की ॲम्ब्युलन्सवाल्या पोराला लागेचना. हॉस्पिटलात कळलं की अटॅक खालच्या बाजूचा होता, उजवी धमनी बंद, उजवा कप्पाच बधिर झालेला. डॉक्टरांनी सलाईन धो धो लावलं तेव्हा कुठे डोळे उघडले. गोळी चांगली की वाईट हे आजतागायत मला नीट उमगलेलं नाही. शेजाऱ्यांना काही बोललो नाही, ते बिचारे चपला न घालता आले होते.

डॉक्टर_रजेवर :
नाना, नमस्कार. तुम्ही लिहिलंत ते सोन्यासारखं आहे. सांगतो.
उजवा कप्पा अटॅकने बधिर झाला की तो ढकलत नाही, नुसता नळीसारखा उरतो. मग फुफ्फुसात आणि तिथून डाव्या बाजूला रक्त पोचतं ते फक्त शिरांमधून मागून येणाऱ्या रक्ताच्या भारावर. सॉर्बिट्रेटने शिरा सैल पडतात, रक्त पायात-पोटात साचतं, मागचा भार संपतो आणि बी.पी. कोसळतं. म्हणून अशा वेळी आम्ही सलाईन देतो, आणि नायट्रेट (सॉर्बिट्रेट त्यातलीच), लघवीच्या गोळ्या लांब ठेवतो. खालच्या बाजूच्या अटॅकमध्ये तीनातल्या एकाला तरी उजवा कप्पा सापडतोच. ओळखायची खूण म्हणजे बी.पी. कमी, मानेच्या शिरा टम्म, आणि छाती मात्र स्वच्छ. ईसीजीचा एक चिकटपट्टा डावीकडून काढून उजवीकडे लावायचा, व्ही४आर, बस. एक मिनिटाचं काम.
तेव्हा सगळ्यांसाठी: ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिलीये त्यांनी आपली सॉर्बिट्रेट स्वतःसाठी ठेवा, बसून घ्या. दुसऱ्याच्या तोंडात घालू नका. चक्कर असेल, घाम फुटला असेल, बी.पी. कमी असेल तर अजिबात नको. आणि व्हायग्रा घेतलेल्या माणसाला तर नकोच नको.

मीनल_कोथरूड :
व्हायग्रावरून आठवलं :D माझ्या आईला पल्मनरी हायपरटेन्शन आहे, म्हणजे फुफ्फुसाच्या धमन्यांतला दाब वाढलेला, उजव्या कप्प्याला एरवी २५ च्या आसपास दाब सोसायची सवय, आईचा ८० च्या वर. तिला रोज तीन वेळा सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, आहे. पहिल्यांदा मी केमिस्टकडे महिन्याचा डोस मागितला तेव्हा काउंटरवरचा मुलगा चिठ्ठी बघे, माझ्याकडे बघे, पुन्हा चिठ्ठी. शेवटी हळूच म्हणाला "मॅडम, नव्वद?" मी मोठ्याने सांगितलं आईसाठी आहे. रांगेतले काका मागे वळून गेले ते आजतागायत दिसले की मान खाली घालतात.

खवचट_खंडू :
नव्वद!!! मीनलताई, आजचा प्रतिसाद तुमचाच.

साताऱ्याची_सून :
माझ्या आजेसासूबाईंचे पाय सुजायचे, पोट फुगायचं, सगळे म्हणायचे किडनी. दमा तर होताच, विडी-तंबाखू कधी नाही. निदान निघालं फुफ्फुसांमुळे उजवं हृदय फेल. जन्मभर चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकलेलं, त्यात पावसाळ्यात ओली लाकडं, भिंती काळ्याकुट्ट, तर फुफ्फुसं कशी राहतील.

डॉक्टर_रजेवर :
याला कॉर पल्मोनेल म्हणतात, आणि याचा अभ्यास आपल्याकडेच झालाय. डॉ. पद्मावतींनी, देशातल्या पहिल्या महिला कार्डिओलॉजिस्ट त्या, १९५९ मध्ये दिल्लीतल्या अशा १२७ पेशंटची माहिती छापली. बाकी जगात हा सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार समजला जायचा, त्यांच्याकडे मात्र धूर खाल्लेल्या बायका येत होत्या. १०३ वर्षं जगल्या, २०२० मध्ये कोविडने गेल्या.

निवृत्त_फौजी :
उंचावरही उजवा कप्पा मार खातो. आम्हाला लेक्चर असायचं. सहा हजार मीटरच्या आसपास महिनोन्महिने राहिलेल्या जवानांच्या अंगावर सूज, धाप. हवा विरळ म्हणून फुफ्फुसाच्या धमन्या आखडतात. १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये आपल्या २१ जवानांवर पेपर आला होता. खाली आणलं की बरे व्हायचे.

त्रिवेंद्रमवासी :
वाखुसा (वाचनखूण साठवली). इथे केरळच्या किनारी एक वेगळाच प्रकार होता, एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस. गरीब घरातली मुलं, उजव्या कप्प्याचं टोकच आतून व्रणाने भरून जायचं, कप्पा लहान होत जायचा आणि पोटात पाणी व्हायचं. इथल्या श्री चित्रा हॉस्पिटलमध्ये डॉ. वलियाथन यांनी शस्त्रक्रिया तर केल्याच, पण किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतलं सेरियम आणि कुपोषणातली मॅग्नेशियमची कमतरता यांचा संबंध असावा असंही मांडलं. पूर्ण सिद्ध झालं नाही, राहणीमान सुधारलं तसा आजारच कमी झाला. हाच आजार युगांडात १९४८ च्या सुमारास आधी सापडला होता.

बंडूनाना :
एवढे सगळे आजार उजव्याचे, मग रिपोर्टात त्याला एकच ओळ का?

त्रिवेंद्रमवासी :
नाना, त्याचं श्रेय थोडं कुत्र्यांना आहे. १९४३ मध्ये स्टार नावाच्या डॉक्टरांनी कुत्र्यांच्या उजव्या कप्प्याची भिंत जाळून निकामी केली तरी शिरांमधला दाब काही वाढला नाही. झालं, सगळ्यांनी धरलं की हा कप्पा नसला तरी चालतं. पुढे फाँतां यांनी १९६८ मध्ये खरोखरच उजव्या बाजूचं रक्त कप्पा टाळून फुफ्फुसाकडे वळवायचं ऑपरेशन केलं, त्यामुळे अर्ध्याच हृदयाने जन्मलेली मुलं जगली ही फार मोठी गोष्ट. पण ती मोठी झाल्यावर यकृताच्या, आतड्याच्या तक्रारी सुरू होतात. शिवाय कुत्र्यांची फुफ्फुसं निरोगी होती. दाब वाढलेल्या फुफ्फुसापुढे कप्पा नसला की काय होतं ते मीनलताईंच्या आईंना विचारा.

खवचट_खंडू :
अवांतर: गूगल करताना नॅक्सॉस नावाच्या ग्रीक बेटावर ह्याच आजाराची घराणी सापडल्याचं वाचलं, लोकरीसारखे कुरळे केस आणि तळहात-तळपाय जाड. माझे केस कुरळे आहेत आणि टाचा भेगाळलेल्या. मी जाऊ का लिहून मृत्युपत्र?

इकोवाली :
खंडू, टाचांना आमसुलाचं तेल लावा आणि ईसीजी काढून घ्या. खरं सांगायचं तर नॅक्सॉसवरूनच १९८६ मध्ये कळलं की केस-त्वचा आणि हृदय यांचं नातं आहे, आणि २००० मध्ये त्यातला प्लाकोग्लोबिन ह्या डेस्मोसोममधल्या प्रथिनाचा जीन सापडला. डेस्मोसोम त्वचेतही असतात ना. तिथून पुढे बाकीचे जीन शोधायची दिशा मिळाली.
आणि निशा, एक राहिलंच. उजवा कप्पा मोठा दिसला की आम्ही आधी भोक शोधतो. वरच्या पडद्याच्या अगदी कडेला असलेलं भोक किंवा फुफ्फुसाची एखादी शीर चुकीच्या बाजूला जोडलेली, साध्या इकोत हमखास निसटतं. तसं निघालं तर बरंच, दुरुस्त होतं. एमआरआयमध्ये तेही कळेल.

निशा_ठाणे :
मंडळी, धागा वर काढतेय. मध्ये बरंच काही झालं. भाऊ एमआरआयला तयार झाला ते पुएर्ताचं वाचून, मी हा धागाच त्याला पाठवला होता. आईच्या रडण्याने जे झालं नाही ते फुटबॉलने केलं.
भोक नाही. उजवा कप्पा मोठा, त्याचा स्वतःचा ई.एफ. ३८%, बाहेर जाणाऱ्या वाटेपाशी भिंतीचा एक भाग ठोक्यागणिक बाहेर फुगतो. मी स्क्रीनवर बघितलं, बाकीची भिंत आत येते आणि तेवढाच तुकडा उलटा जातो. होल्टरमध्ये चोवीस तासांत हजारांनी जास्तीचे ठोके आणि एक छोटी व्ही.टी. पेट स्कॅन स्वच्छ, म्हणजे सारकॉइड नाही. जीन टेस्टमध्ये ह्याच आजाराचा पी.के.पी.२ जीन निघाला. आयसीडी (ठोके भलतेच वाढले तर आतूनच शॉक देणारं यंत्र) बसवायचं ठरलंय, बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके आवरणारं औषध, चालू केलंय.
भाऊ दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मग शूज कपाटावर टाकले आणि डॉक्टरांना यादीच विचारली, चालणं चालेल, सायकल हळू चालेल का, पोहणं नको, गरबा? गरब्यावर डॉक्टर हसले, म्हणाले पहिली दहा मिनिटं.
आता आमची पाळी. आई-बाबा, मी, माझी ताई आणि तिची मुलगी १२ वर्षांची. बाबांचाच भाऊ विहिरीत गेलेला. पण विमा? हे सगळं रेकॉर्डवर आलं तर पुढे कोणी पॉलिसी देईल का?

डॉक्टर_रजेवर :
बरं झालं आधी एमआरआय केलात, आयसीडी बसल्यावर त्याच्या सावलीमुळे चित्र खराब येतं. सख्ख्या नातेवाइकांनी तपासणी करायचीच, प्रत्येकाला निम्मी शक्यता. पी.के.पी.२ माहीत झालाय त्यामुळे रक्ताने कळेल कोणाकडे आहे. ज्याच्याकडे नाही तो मोकळा. आहे त्याला दर एक-दोन वर्षांनी ईसीजी, इको, होल्टर. जीन असला म्हणजे आजार होतोच असं नाही, कित्येकांना आयुष्यभर काही होत नाही. भाचीलाही दाखवा, आजार सहसा वयात येताना किंवा नंतरच डोकं वर काढतो. तिला खेळातून आत्ताच काढू नका, आधी टेस्ट.

अर्धवट_वकील :
विम्याचं मी सांगतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की "आनुवंशिक आजार" असं मोघम कलम घालून दावा नाकारता येणार नाही. गंमत म्हणजे तो खटलाही हृदयाच्या स्नायूच्याच आजाराचा होता. लगेच मार्चमध्ये इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, कंपन्यांना तसं कळवलं. तरीपण प्रपोजल फॉर्मवर विचारलेलं लपवू नका, तिथेच दावे पडतात. ज्यांची टेस्ट व्हायचीये आणि पॉलिसीच नाही, त्यांनी आधी पॉलिसी घ्यावी की आधी टेस्ट यावर मी जाहीर धाग्यावर बोलणार नाही, विपु करा (माझ्या विचारपूशीत लिहा).

खवचट_खंडू :
वकिलांची विपु आज फुल्ल.

गोदाकाठ :
ज्यांना खर्चाची अडचण आहे त्यांच्यासाठी: शाळा-अंगणवाडीत आर.बी.एस.के.ची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) डॉक्टर मंडळी येतात, २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झालेली योजना आहे. मुलांमधले जन्मजात दोष तिथे पकडले गेले की ऑपरेशनचा खर्चही त्यातून किंवा महात्मा फुले योजनेतून होतो. आमच्या कामवाल्या ताईंच्या नातीचं तसंच झालं. खारघरला संजीवनीतही मुलांची ऑपरेशनं फुकट होतात.

सह्यभटक्या :
निशाताई, भावाला माझा नंबर द्या. आमच्या ग्रुपमध्ये रविवारी चालणाऱ्यांची एक टोळी आहे, माझे गुडघे गेल्यापासून मीही त्यातच. आणि हो, मी आणि ग्रुपमधल्या आणखी काही जणांनी ईसीजी काढले. एकाला पुढच्या तपासण्या सांगितल्यात, बाकी ठीक.

निशा_ठाणे :
नक्की देते! आज माझं होल्टर लावलंय. एक प्रश्न, ह्या चिकटपट्ट्यांखाली घामाने इतकी खाज सुटलीये की जीव नकोसा झालाय. काढून परत लावली तर चालेल का? उद्या सकाळी दहापर्यंत ठेवायचंय.

इकोवाली :
अजिबात काढू नका, काढलीत की तेवढा वेळ रेकॉर्डिंग सपाट येतं आणि मग आम्हाला बसून शोधावं लागतं की बाई गेली की पट्टी गेली. बाजूने ओला रुमाल टिपा, पावडर नको, पंख्याखाली बसा. आणि डायरी लिहा, कधी जिना चढलात, कधी चिडलात. आज धागा वाचताना काही झालं तर तेही वेळेसकट लिहा.

खवचट_खंडू :
९:४० – खंडूचा विनोद, ठोके नॉर्मल.